पोफळीच्या आधी

"ह्या बघा पाणी. बारा म्हयने आटना नाय. हय पोफळी लावली असती तर सोन्याचो धूर निघालो असतो."

बांबर्ड्यात आम्हाला वाट दाखवायला आलेले काका हे म्हणाले तेव्हा मे महिन्यातली ऐन दुपार होती. सिंधुदुर्गातल्या ह्या दोडामार्ग तालुक्यात त्या दिवसांत विहिरींचा तळ दिसायला लागतो, बायामाणसं सकाळच्या पहिल्या कळशीसाठी उजाडायच्या आत उठतात. आणि इथे, राईच्या पोटात, घोटाभर पाणी कुणाची घाई नसल्यागत पसरलेलं. मी मान वर करून झाडं बघत होते, काका मान खाली घालून पाणी बघत होते. "मग लावली का नाही कोणी?" मी विचारलं. "देवाची राई ती. थयसर कुऱ्हाड कोण घालतलो?" एवढं बोलून त्यांनी चपला काढून हातात घेतल्या आणि पुढे चालू लागले. बोलण्यात हळहळ नव्हती, कुचेष्टाही नव्हती. कसणाऱ्या माणसाच्या डोक्यात पाणी बघितलं की जो हिशेब आपोआप होतो, तो त्यांनी मोठ्याने केला, इतकंच. पण ते वाक्य माझ्याबरोबर घरी आलं. परतताना गाडीत सोबतच्या मंडळींनी त्याची यथेच्छ खिल्ली उडवली. "अशा ठिकाणीसुद्धा ह्यांना सुपारी दिसते!" मला हसता येईना. काकांच्या जागी माझे आजोबा असते तर तेही हेच बोलले असते. आणि आजोबा नुसतं बोलून थांबणाऱ्यांतले नव्हते.

मी कुळागरातली, म्हणजे पोफळीच्या बागेतली, नात आहे.

ते नंतर सांगते. आधी ती राई. रस्ता सोडून आत उतरलं की पहिला फरक कानांना कळतो. बाहेर वारा असतो, गाड्या असतात, आत फक्त किड्यांची एकसुरी किर्र, तीही कुठून येते ते कळत नाही. दुसरा फरक पायांना. वाळल्या पानांवर पाय पडला की आवाज यायला हवा, तो येत नाही, कारण इथली पानं वाळतच नाहीत. दीड-दीड वीत लांब, चामड्याइतकी जाड, पाठीला तपकिरी छटा असलेली ती पानं पडतात ती थेट पाण्यात, आणि तिथेच काळी पडत जातात. पाणी वाहतंय की नाही हे नुसतं बघून सांगता येईना, म्हणून मी एक पान त्यावर सोडलं. बराच वेळ ते हललं नाही. मग अगदी नाइलाजाने सरकलं. पाण्याखाली काळा, लोण्याइतका मऊ गाळ. त्यातून पाय उपसला की एक बुडबुडा फुटतो आणि नासक्या अंड्याचा वास येतो. जिथे हवा पोचत नाही तिथल्या मातीचा हा वास.

त्या बिनहवेच्या मातीत जी झाडं उभी आहेत त्यांचं नाव मिरिस्टिका मॅग्निफिका. जायफळाच्या कुळातलं, फक्त आपल्या पश्चिम घाटातलं झाड. सरळसोट, तीस मीटरपर्यंत जाणारं. खोडापाशी बघितलं तर कमरेच्याही वरून मुळं फुटून तिरकी खाली उतरलेली असतात, जुन्या घराची पडवी कलू नये म्हणून दिलेल्या टेकूंसारखी. एका झाडाच्या खोडावर जखम होती, फांदी आपटून झालेली असावी. तिच्यातून चीक ओघळून सुकला होता. रक्ताच्या रंगाचा. जायफळाच्या कुळाची ही खूण आहे, साल खरवडली की तांबडा चीक. सगळं माहीत असूनही मी क्षणभर बोट मागे घेतलं.

मुळांनाही श्वास लागतो, हे शाळेत एका ओळीत शिकवून संपवतात. साध्या मातीत कणांच्या मधल्या फटींत हवा असते, मुळं तिच्यावर जगतात. माती कायमची पाण्याखाली गेली की त्या फटी पाण्याने भरतात, उरलासुरला प्राणवायू जिवाणू संपवतात आणि मुळं गुदमरतात. आंबा, फणस, साग, कुणीही तिथे टिकत नाही. ह्या झाडांनी मुळंच वर काढली. मॅग्निफिकाने खोडापासून आधारमुळं सोडली. तिचीच भावकी असलेलं जिम्नाक्रँथेरा नावाचं दुसरं झाड तर मूळ चिखलातून वर काढतं, वाकवतं आणि पुन्हा चिखलात घालतं. अशा शेकडो कमानी जमिनीवर उठलेल्या असतात. त्यांच्या सालीवरच्या बारीक छिद्रांतून हवा आत जाते. खारफुटी समुद्राकाठी जे करते, ते ही झाडं समुद्रापासून दूर, डोंगराच्या कुशीत, गोड्या पाण्यात करतात. त्यातही कुठलंही पाणी चालत नाही. दोन डोंगरांमधली सपाट घळ हवी, बारमाही झरा हवा, आणि तो झरा रेंगाळणारा हवा. जोराचा ओढा असेल तर गाळ वाहून जातो, उन्हाळ्यात आटणारा असेल तर बी मरतं. इतके सगळे हट्ट पुरवणाऱ्या जागा असून असून किती असणार?

फार नाहीत. १९६० साली कृष्णमूर्ती नावाच्या अभ्यासकांनी त्रावणकोरच्या भागातल्या अशा दलदलींची पहिली शास्त्रीय नोंद केली. १९६८च्या भारतीय वनांच्या वर्गीकरणात त्यांना स्वतंत्र प्रकार म्हणून जागा मिळाली. केरळात कुळत्तुपुळा, अंचल, शेंदुर्णीच्या बाजूला त्या विखुरलेल्या आहेत, पण सगळ्या मिळून दोनशे हेक्टरही भरत नाहीत. उत्तर कन्नड जिल्ह्यात आहेत. गोव्यात सत्तरीतल्या बांबर गावी निरंकाराची राई आहे. काही वर्षांपूर्वीपर्यंत ही साखळी तिथेच संपते असं धरून चालत. २०१८ साली बांबर्ड्याची नोंद झाली आणि तिचं उत्तरेचं टोक महाराष्ट्रात सरकलं. २०२१मध्ये सरकारने तिला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा दिला. क्षेत्र २.५९ हेक्टर, म्हणजे साडेसहा एकरही नाही. आमच्याकडे एवढ्या जमिनीच्या मालकाला कोणी मोठा बागायतदार म्हणणार नाही.

आता कुळागर.

आजोळ बांद्याजवळचं, तेरेखोलच्या खोऱ्यातलं. घराच्या मागच्या दाराबाहेर जांभ्याच्या पायऱ्या, त्या उतरून गेलं की पोफळीच. मे महिन्याच्या सुट्टीत अंगण तापून पाय ठेववत नसे तेव्हा आम्ही मुलं दिवस दिवस तिथे पडीक असायचो. वरून झऱ्याचं पाणी पाटाने यायचं. पाटातून दांडात, दांडातून आळ्यांत. आजोबा फावड्याने इथली माती तिथे करून पाणी लावत जायचे आणि आम्ही त्या पाण्याच्या पुढे पळायचो, कोरड्या आळ्यात उभं राहून वाट बघायची, पाणी आलं की पावलं गार. वर हिरवा काळोख. पोफळीवर चढलेल्या मिरवेली, पानवेली, मध्ये केळी, कडेला अननसाचे काटे. पोफळ फुलली की येणारा गोडसर, किंचित गुंगवणारा वास. झावळ पडली की तिची विरी आमची गाडी, एकाने बसायचं आणि दुसऱ्याने ओढायचं. मला अजूनही गारवा म्हटलं की एसी आठवत नाही, ती बाग आठवते. मन सैरभैर झालं की मी डोळे मिटून जिथे जाते, ती जागा तीच.

त्या बागेत न्हाणीच्या बाजूला जायफळाची झाडं होती. आजी त्यांची विचारपूस करायची तेवढी नातवंडांचीही करत नसे. फळ पिकून उकललं की आत काळं चकचकीत बी आणि त्याला बिलगलेली लालभडक जायपत्री. ती अख्खी सोडवायची, तुटू द्यायची नाही, सुपात वाळवायची. फळाच्या जाड सालीचं लोणचं. जायफळ सहाणेवर उगाळून बाळाला चाटवायचं, खिरीत घालायचं, झोप येत नसेल तर कपाळावर लावायचं. त्यांतलं एक झाड मात्र कधीच फळलं नाही. "नर तो," आजी म्हणायची, "नुसतो वाढता, देता काय नाय." जायफळात नर-मादी झाडं वेगळी असतात. बियांपासून रोपं केली तर साधारण निम्मे नर निघतात, आणि ते कळायला सहा-सात वर्षं जातात. तोवर खत-पाणी सगळ्यांना सारखंच घालायचं. पुढे दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कोकण सुगंधा नावाची जात काढली, तिच्या एकाच झाडावर दोन्ही प्रकारची फुलं येतात आणि हा जुगार संपतो. आजीच्या वेळी ती नव्हती. आजोबा दर वर्षी त्या नराला तोडायचं म्हणत आणि आजी दर वर्षी म्हणे, असू दे, बायकांना सोबत.

हे सगळं मला बांबर्ड्याच्या चिखलात उभं असताना आठवायचं काही कारण नव्हतं. आणि होतंही. कारण समोर उभं होतं तेही जायफळाचं कूळच. नर वेगळा, मादी वेगळी, बियाला तशीच पत्री, चीक तोच. आजीचं जायफळ मूळचं इंडोनेशियातल्या बांदा बेटांचं. एकेकाळी जगात दुसरीकडे कुठेच न पिकणारं, त्या बेटांसाठी डचांनी केलेल्या रक्तपाताचं, मग इंग्रजांनी रोपं पळवून जगभर नेलेलं. ते समुद्र ओलांडून आमच्या न्हाणीजवळ आलं आणि घरचं झालं. आणि त्याचा इथलाच चुलत भाऊ, ह्याच मातीचा, ह्याच पाण्याचा, घरात कुणाला नावानेही माहीत नव्हता. मॅग्निफिकाच्या बीला सुगंध नाही. बहुतेक त्यातच सगळं आलं.

अगदीच परकं नाही म्हणा हे कूळ. आमच्याकडे उन्हाळी मसाल्याच्या यादीत आई अजूनही रामपत्री लिहिते. तीही ह्याच घराण्यातली, मिरिस्टिका मलबारिका नावाच्या पश्चिम घाटातल्याच झाडाची. वासाला जायपत्रीच्या पासंगालाही पुरत नाही. व्यापारात तिला बॉम्बे मेस म्हणत आले आणि खऱ्या जायपत्रीत भेसळ करायला वापरत आले. ती मसाल्यात का घालायची, असं मी आईला विचारलं तर म्हणाली, रंगाला आणि दाटपणाला, आणि आजी घालायची म्हणून. ह्यातलं शेवटचं कारण खरं असावं. पण त्या निमित्ताने घाटातल्या जंगलाचा एक लाल धागा आमच्या डब्यात येऊन पडतो. वर्षानुवर्षं येत होता, मी त्याच्याकडे कधी झाड म्हणून बघितलं नव्हतं.

घरी आल्यावर मी उत्तर कन्नडविषयी वाचत बसले, कारण तिथल्या दलदलींवर बराच अभ्यास झालाय. आणि तिथे काकांचं वाक्य मला पुन्हा भेटलं, फक्त अभ्यासकांच्या भाषेत. सिद्धापूर, होन्नावरकडच्या घाटउतारांवर, दोन डोंगरांमधल्या पाणथळ घळींत जिथे जिथे ही झाडं होती, तिथे तिथे शतकानुशतकं माणसांनी चर खणले, पाणी वळवलं आणि पोफळीच्या बागा केल्या. खालच्या सपाट जागी भाताची खाचरं केली. गोष्ट अगदी सरळ आहे. पोफळीला काय लागतं? बारमाही पाणी, डोंगराची सावली, वाऱ्यापासून आडोसा, कुजलेल्या पाल्याची काळी माती. मिरिस्टिकाला काय लागतं? हेच सगळं. फरक एकच, पोफळीला पाणी हवं पण मुळाशी साचलेलं चालत नाही. म्हणून चर. चर मारला की त्याच जागेवर एक झाड जातं आणि दुसरं येतं.

मग मला आजोबांचे चर आठवले.

प्रत्येक दोन ओळींच्या मध्ये गुडघाभर खोल चर होता. आम्ही त्यात खेकडे धरायचो. दिवाळीनंतर गडी लावून ते साफ करायचे, बुजले तर पोफळी पिवळ्या पडतात, मुळं कुजतात. मला वाटायचं बागेला पाणी देण्यासाठी एवढी यातायात आहे. आता उमगतं की निम्मी यातायात पाणी काढून टाकण्याची होती. वरून पाटाने मोजून द्यायचं आणि खालून चराने घालवायचं. ती जागा मुळात ओली, तिला ओलंच राहायचं होतं, आणि तीन पिढ्या फावडी घेऊन तिला कोरडी ठेवत होत्या. पणजोबांनी ही बाग केली तेव्हा "रान मारलं" असं घरात सांगतात, आणि अभिमानाने सांगतात. पडीक जागी सोनं केलं. कुठलं रान मारलं, त्यात कुठली झाडं होती, हे कुणी सांगत नाही. सांगायला ते कुणी बघितलंच नसावं. झाडांना नावं असतात ती उपयोगाच्या झाडांना, बाकीचं सगळं रान.

ह्यावर मी बरेच दिवस स्वतःशी भांडत होते. मला त्या बागेचा राग येत नाही, हे आधी कबूल करते. तिने माझ्या आईला शिकवलं, मावशांची लग्नं केली, आजोबांचं आजारपण काढलं. सुपारीचं पोतं म्हणजे आमच्या घरचा विमा होता. जंगल वाचवा असं म्हणणाऱ्यांपैकी अनेकांना एका पोफळीवर कसं कुटुंब चालतं ते माहीत नसतं, आणि त्यांचा तो तोरा मला आजही सहन होत नाही. कुळागर हे काही रबराच्या मळ्यासारखं एकसुरी शेतही नाही. दोडामार्गात गेल्या काही वर्षांत डोंगरच्या डोंगर साफ करून रबर लावलंय, तिथे उभं राहून बघा, एकही पक्षी बोलत नाही. त्यापुढे कुळागर म्हणजे नंदनवन. आणि तरीही. ज्या गारव्याला मी आयुष्यभर स्वर्ग म्हणत आले तो गारवा बागेचा नव्हताच, जागेचा होता. बागेच्या आधीपासून तो तिथे होता. आम्ही त्यातली झाडं तेवढी बदलली.

मग बांबर्डे कसं राहिलं? तिथेही पाणी होतं, तिथेही फावडी होती. काकांनी दोन वाक्यांत सांगितलं ते खरंच आहे, देवाची राई. आमच्या दक्षिण कोकणात राईतली सुकी काटकीही घरी न्यायची नाही असा दंडक असतो. मोठं झाड तोडायचं तर देवाला कौल लावतात, आणि देव बहुतेक वेळा नाही म्हणतो. देव कुठल्या झाडासाठी नाही म्हणाला ते त्याला ठाऊक. त्याने मिरिस्टिका मॅग्निफिका राखायची म्हणून राखली नाही. कदाचित पाणी राखलं. खालच्या वाडीला वर्षभर पुरणारा झरा वरच्या झाडीवर अवलंबून आहे हे कुण्या जुन्या माणसाने ओळखलं असेल, आणि ते सांगायला देवाइतका खणखणीत आवाज दुसरा नव्हता. हा माझा तर्क. देवाधर्माच्या प्रत्येक गोष्टीत विज्ञान शोधायची जी खोड हल्ली लागलीय ती मला आवडत नाही, पण इथे माझाही पाय घसरतो.

माझा स्वतःचा त्या देवावर विश्वास नाही. त्यामुळे माझी पंचाईत अशी की ज्या भीतीने ही झाडं वाचली तिच्यात माझा वाटा शून्य आहे, आणि जिच्यात माझा वाटा आहे त्या शहाणपणाने एकही राई वाचलेली मी बघितलेली नाही. भीती विरली की काय होतं तेही आसपास दिसतं. देवळाचा जीर्णोद्धार निघतो, सिमेंटचा कळस, फरशी, पत्र्याचा मंडप, आणि त्या खर्चासाठी राईतलीच झाडं विकली जातात. देवाचंच देवाला. कुणाला त्यात वावगं वाटत नाही, कौलही लागतो. तेव्हा वारसा स्थळाची पाटी लागली ते बरंच झालं. पाटीला कौल लावता येत नाही.

पण पाटीची हद्द २.५९ हेक्टरांची आहे आणि झऱ्याची नाही. पाणी मुरतं वरच्या डोंगरावर. तिथली झाडी गेली, कुणी विंधण विहीर मारली, तर खालच्या राईत एकाही झाडाला कुऱ्हाड न लावता ती मरू शकते. नुसतं पाणी चार-दोन उन्हाळे आटलं की पुरे. हे बी वाळलं की मेलं. धान्यासारखं कणगीत भरून ठेवायची सोय नाही, पेढीत जपून ठेवायची सोय नाही. पडल्यावर लगेच ओल मिळाली तर रुजेल, नाहीतर संपलं. राईत मी पाण्याच्या कडेला रोपं बघितली, करंगळीएवढी खोडं, वर चार-पाच पानं, एका आईखाली दाटीने उभी. त्यातली बहुतेक मरणार. आईच्या सावलीत सगळ्यांना जागा नसते. दूर न्यायला धनेश लागतो, कारण एवढं मोठं बी गिळून उडू शकेल असा पक्षी दुसरा कोण? बुलबुलाच्या चोचीत ते मावत नाही. धनेशाला ढोलीसाठी म्हातारी, उंच झाडं लागतात, म्हणजे पुन्हा जंगल लागतं, आणि साडेसहा एकरांत धनेशाचा संसार होत नाही. तो तिलारीच्या रानातून येणार, खाणार, जाणार. समजा त्याने बी नेऊन टाकलंच, तर ते दुसऱ्या तशाच दलदलीत पडायला हवं. ती दुसरी दलदल म्हणजे आता बहुतेक कुणाचं तरी कुळागर.

एक गमतीची गोष्ट मात्र राहवत नाही म्हणून सांगते. पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाकडच्या अगस्त्यमलै डोंगरांच्या पायथ्याच्या अशाच दलदलींतून २०१३ साली एका नव्या झाडबेडकाची नोंद झाली. त्याच्या शास्त्रीय नावात मिरिस्टिकाची दलदल तर आहेच, पण त्यातलं पहिलं नाव आहे मर्क्युराना, फ्रेडी मर्क्युरीवरून. गायक म्हणून तो शोधकर्त्यांना आवडायचाच, शिवाय त्याचं बरंच लहानपण पाचगणीच्या शाळेत, म्हणजे ह्याच सह्याद्रीत गेलेलं. फरुख बलसारा नावाचा पारशी मुलगा आणि चिखलातला बेडूक! त्याआधी २०००मध्ये उत्तर कन्नडातल्या कत्तलेकानच्या दलदलीतून बिब्ब्याच्या गोतातलं एक अख्खं झाड नव्याने नोंदवलं गेलं होतं. बेडूक लपतो हे समजू शकते. उंच वाढणारं झाड विसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत कुणाच्या नजरेत येत नाही, म्हणजे त्या चिखलात आपण किती कमी वेळा उतरलो असू. आणि उतरलो तेव्हा बहुतेक फावडं घेऊन.

गेल्या महिन्यात आजोळी गेले होते. बाग आता मामा बघतो. आजी नाही, तिचा तो नर जायफळ आहे, भलामोठा झालाय. बागेच्या अगदी खालच्या कोपऱ्यात, जिथे सगळे चर येऊन मिळतात, तिथल्या पोफळी पिवळ्या पडल्यात. दोन-तीन मेल्यात. पाणी साचून राहिलंय, त्यात तेरं, म्हणजे रानअळू, माजलंय, बेडकं आहेत. मामा म्हणाला, चर नव्याने मारायला हवा, खोल. मी म्हटलं, मामा, तेवढा कोपरा सोडून दे ना. तसाच राहू दे. तो माझ्याकडे बघत राहिला. मग मी त्याला बांबर्ड्याचं सगळं सांगितलं. मुळं, धनेश, बेडूक, पाटी, सगळं. तो नीट ऐकून घेतो, हा त्याचा गुण आहे.

"मग काय लावू म्हणतेस? तुझं ते रानजायफळ?"

"रोपं मिळाली तर."

"फळ काय उपयोगाचं?"

"धनेशाच्या."

"आणि सहा-सात वर्षं सांभाळून नर निघाला तर?"

ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मामा हसला आणि विषय हत्तींवर गेला. कर्नाटकातून २००२पासून ते आमच्या जिल्ह्यात यायला लागलेत, आणि पोफळीच्या बागेत घुसले की एका रात्रीत काय करतात ते बोलत आम्ही वर आलो. परवा फोनवर सहज विचारलं, चर मारलास का? म्हणाला, नाही गं, गडीच मिळेनात, सगळे गोव्याला कामाला जातात. पाऊस तोंडावर आला, आता दिवाळीनंतर बघू. कोपऱ्यातल्या तेऱ्याची भाजी मामीने दोनदा केली, म्हणाला. खाजली नाही.